मुंबईचा रस्ता, वसईची टोपली



मुंबई बघायला आलेला पाहुणा परत जाताना बरोबर काय नेतो, याचा आपण कधी विचार केला आहे काय? १९२४ साली बांधून पुऱ्या झालेल्या गेट वे ऑफ इंडियासमोर उभे राहून काढलेला आणि जागच्या जागी छापून हाती दिलेला एक फोटो. कुलाबा कॉजवेवर घेतलेली कानातली, किंवा पितळेचे एखादे होकायंत्र. फॅशन स्ट्रीटवरचा एक सदरा. शिवाय गिरगाव चौपाटीवरच्या भेळेची आणि दादर स्टेशनबाहेरच्या वडापावाची जिभेवर राहिलेली चव. आता ही यादी जरा नीट बघा. यांतली एकही वस्तू त्याने काचेच्या कपाटांच्या दुकानात घेतलेली नाही. सगळी खरेदी रस्त्यावरची! वडापाव तर जन्मलाच रस्त्यावर. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला, असे सांगितले जाते.

म्हणजे पाहुण्याला आठवणारी मुंबई बऱ्याच अंशी फेरीवाल्यांची मुंबई असते. हे फेरीवाले कोण, त्यांचा धंदा चालतो कसा, आणि कायद्याने त्यांना कोणती जागा दिली आहे, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे. गिरीज, निर्मळ, वाघोली, आगाशी अशा गावांतल्या श्रोत्यांना हा विषय परका वाटू नये. मी गिरीजला राहतो, म्हणून सांगतो, की मुंबईच्या त्या रस्त्यावर एक टोपली आपलीही आहे. पहाटेच्या पहिल्या गाड्यांनी वसई रोड आणि नालासोपारा स्टेशनांवरून सोनचाफा, मोगरा, जास्वंदीच्या कळ्या, अळू, केळफूल, पालेभाज्या आणि वेलची केळी मुंबईला जातात. त्या मालाबरोबर आपल्या घरांतल्या बायामाणसेही जातात. त्यांचे पुढे काय होते, हे वाडीत बसून दिसत नाही.

आधी शब्दाचा उलगडा करू. फेरीवाला म्हणजे फेरी घालून माल विकणारा. पण मुंबईत हा शब्द बसून विकणाऱ्यालाही लावतात. खरे पाहता यांत तीन जाती आहेत. पहिला फिरता. डोक्यावर पाटी किंवा खांद्यावर गाठोडे घेऊन तो दारोदार जातो. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण ही ह्याच जातीची. दुसरा पथारीवाला. जमिनीवर गोणपाट अंथरून त्यावर तो माल मांडतो. आणि तिसरा हातगाडीवाला किंवा ठेलेवाला. कायद्याच्या भाषेत ह्या सर्वांना मिळून ‘पथविक्रेता’ म्हणतात. आपण मात्र फेरीवालाच म्हणू.

दुकानदाराचे भांडवल म्हणजे पैसा आणि गाळा. फेरीवाल्याचे भांडवल तीन गोष्टींत असते: माल, जागा आणि वेळ. ह्या तिन्ही गोष्टी समजल्या, म्हणजे त्याचे पुष्कळसे वागणे आपोआप उलगडते.

प्रथम माल. रस्त्यावरचा सगळा माल एकाच पट्टीने मोजता येत नाही. त्याचे आयुष्य किती, ते आधी पाहावे लागते. चाफ्याचे फूल घ्या. पहाटे खुडले, तर दुपारी त्याच्या कडा काळवंडू लागतात. त्याला सहा-आठ तासांचे आयुष्य. पालेभाजीला एक दिवसाचे. पिकल्या केळ्याला दोन-तीन दिवसांचे. आणि आपल्याकडच्या सुकेळ्याला? राजेळी केळी पिकली, की सोलून मांडवावर आठवडाभर उन्हात वाळवतात आणि केळीच्याच वाळल्या सोपटात गुंडाळतात. ते सुकेळे कित्येक महिने टिकते. आज सुकेळी करणारी घरे फार थोडी राहिली आहेत. पण आपल्या पूर्वजांनी त्यात काय साधले होते, ते लक्षात घ्या. नाशवंत मालाचे आयुष्य वाढवले, म्हणजे तो आजच्या आज विकण्याची सक्ती संपते. कॉजवेवरच्या कानातल्यांना तर मरणच नाही. ती आज खपली नाहीत तर उद्या खपतील, नाहीतर पुढच्या हंगामात खपतील.

आता भावाचे गणित बघा. कानातलीवाला थांबू शकतो, चाफेवाली थांबू शकत नाही. म्हणून चाफ्याचा भाव सकाळी सातला एक, दहाला दुसरा आणि बाराला तिसराच. गिऱ्हाइकाला वाटते, ‘बघा, आधी केवढा भाव सांगत होती!’ तशी ती फसवत नसते. तिच्या पुढ्यातला मालच दर तासाला कमी मोलाचा होत असतो. घड्याळ तिच्या विरुद्ध चालत असते, आणि जुन्या गिऱ्हाइकाला हे पक्के ठाऊक असते.

भावाला आणखी एक बाजू आहे. गिऱ्हाईक परत येणार की नाही, हा प्रश्न विकणाऱ्याच्या मनात नेहमी असतो. गेट वेला आलेला पाहुणा उद्या आपल्या गावी जाणार. त्याची आणि विक्रेत्याची पुन्हा गाठ पडण्याचा संभव नाही. त्यामुळे तिथे पहिला भाव चढा सांगायचा, पाहुण्याने तो निम्म्यावर आणायचा आणि मधे कुठेतरी सौदा तुटायचा, असा रिवाज पडला. पार्ल्याच्या किंवा मालाडच्या गल्लीत बसणाऱ्या वसईच्या मावशीचे तसे नाही. तिचे गिऱ्हाईक रोजचे. आज तिने खराब अळू बांधून दिले, तर उद्या सकाळी तीच गृहिणी तिच्यासमोर उभी राहणार! म्हणून ती भाव फारसा चढवत नाही, वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीची काडी टाकते, आणि ‘पैसे उद्या दिलेत तरी चालतील’ असेही म्हणते. दोघीही रस्त्यावरच बसलेल्या, पण एकीचा धंदा ओळखीवर चालतो, तर दुसरीचा अनोळखी गर्दीवर. पाहुण्यांना दिसतो तो बहुधा दुसरा प्रकार. आणि त्यावरूनच ‘फेरीवाले लुबाडतात’ असे सरसकट मत बनते. ते बरोबर नाही.

आता जागा. एक शंका पुष्कळांना येते. भेळवाले सगळे एकाच ठिकाणी का बसतात? फुलवाले सगळे दादरलाच का जमतात? दूर दूर बसले, तर प्रत्येकाला अधिक गिऱ्हाईक नाही का मिळणार? उत्तर असे, की गिऱ्हाईक एका विक्रेत्याकडे येत नाही. ते बाजाराकडे येते. दहा फुलवाल्या एकत्र बसल्या, की शंभर माणसे मुद्दाम फुलांसाठी तिथे येतात. एकटी बसली, तर वाटेने जाणारे पाच-सहाच थांबतील. शेजारीण स्पर्धक असते हे खरे, पण गिऱ्हाईक ओढून आणणारीही तीच असते. अशा रीतीने लोकांच्या येण्याजाण्यातून आपोआप तयार झालेल्या बाजाराला कायद्यानेही ‘नैसर्गिक बाजार’ असे नाव दिले आहे.

आपल्या आठवडा बाजारात किंवा निर्मळच्या कार्तिकातल्या जत्रेत कोण कुठे बसणार, हे पूर्वापार ठरलेले असते. बाजारपट्टी भरली, पावती घेतली, की त्या दिवसापुरती जागा आपली. कोणी उठवायला येत नाही. मुंबईत अशी सोय सर्वांना कधी मिळालीच नाही. तिथे जागा चालते ती वहिवाटीवर. ‘ही अमकीची जागा’ असे शेजारच्या चार जणी मानतात, एवढाच तिचा आधार. कागद नाही. आणि जिथे कागद नसतो, तिथे पावती नसलेले पैसे मागणाराही कोणीतरी उभा राहतो. हे पैसे अखेर भाजीच्या भावातच चढतात, म्हणजे ते गिऱ्हाईकच भरते.

तिसरी गोष्ट वेळ. वसईच्या टोपलीच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची. मुंबई आणि वसई यांना जोडणारा लोहमार्ग १८६४ साली सुरू झाला. १८६७ च्या एप्रिलात विरारहून मुंबईला रोजची गाडी धावू लागली, आणि १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी आली. वसई रोडपासून चर्चगेटचे अंतर सुमारे ५२ किलोमीटर. पण अंतर मोजावे वेळेने. आधी होडीने जावयाचे, तर वारा आणि भरती-ओहोटी सांगतील तेव्हा पोहोचायचे. गाडीमुळे पहाटे खुडलेले फूल देवपूजेच्या वेळेला दादरला पोहोचू लागले. फुलशेती इथे टिकली ती माती आणि विहिरीचे पाणी चांगले म्हणून खरीच, पण वेळेवर धावणाऱ्या गाडीमुळेही टिकली. पहाटेच्या गाडीत सामानाचा डबा भरून जातो, सकाळी चार-पाच तास विक्री होते, आणि दुपारी रिकाम्या टोपल्या परत येतात. आपल्या बायकांचा धंदा हा असा अर्ध्या दिवसाचा आहे. त्या सोडून गेल्यावर त्याच जागेवर संध्याकाळी दुसरा कोणी चणे-कुरमुरे मांडून बसतो. हा मुद्दा पुढे कायद्याच्या वेळी पुन्हा येणार आहे, तो ध्यानात ठेवावा.

हे सगळे पैशांत किती होते? एक उदाहरण घेऊ. हे माझे कल्पित उदाहरण आहे, सरकारी आकडे नव्हेत. समजा, एका बाईने शेजारच्या वाड्यांतून १,००० रुपयांचा माल उचलला. दिवसभरात तो १,४०० रुपयांना गेला. रिक्षा, गाडी, हमाली आणि चहा यांना १०० रुपये लागले. हातात उरले ३००. आता समजा, मालासाठी तिच्याकडे रोकड नव्हती. मग रोजच्या उचलीवर पैसे देणारा माणूस तिला सकाळी ९०० रुपये देतो आणि संध्याकाळी १,००० मागतो. शंभर रुपये म्हणजे फार नाहीत, असे वाटेल. पण ९०० वर १०० हे शेकडा ११ रुपयांहून अधिक व्याज झाले, आणि तेही एका दिवसाचे! तिच्या ३०० पैकी तिसरा हिस्सा त्यातच गेला. शिक्षकांनी हे गणित मुलांकडून फळ्यावर जरूर सोडवून घ्यावे.

आता त्याच बाईचा माल एखाद्या सकाळी जप्त झाला, असे धरा. १,००० रुपयांचे भांडवल गेले आणि त्या दिवसाची कमाईही गेली. रोजचे ३०० रुपये जसेच्या तसे बाजूला टाकले, घरात एक पैसाही खर्चला नाही, तरी ते हजार भरून यायला चौथा दिवस उजाडतो. उचलीवर धंदा असेल, तर पाच दिवस लागतात. आणि घरात पैसा न खर्चता पाच दिवस कोण राहू शकेल? म्हणून एका जप्तीनंतर माणूस महिनामहिना कर्जात राहतो. गाडी येताना दिसली, की टोपली उचलून बायका जिवाच्या आकांताने का धावतात, ते यावरून समजावे.

इथे कोणी म्हणेल, की चालणाऱ्यांचे काय? पदपथ चालण्यासाठी बांधलेला आहे. म्हातारी माणसे, शाळेची मुले, गरोदर बाया यांनी गाड्यांच्या मधून चालायचे काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. पाऊस आला म्हणून लोक पुलावर थांबून राहिले, आणि मागून गाड्यांची गर्दी येतच राहिली. कोणा फुलवालीच्या तोंडचे ‘फूल गिर गया’ हे शब्द लोकांनी ‘पूल गिर गया’ असे ऐकले, असे त्यातून वाचलेल्या एका मुलीने सांगितल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. रेल्वेच्या चौकशीत पावसामुळे झालेल्या गर्दीवर बोट ठेवले गेले. काही असो, त्यानंतर स्टेशनांभोवतीचे फेरीवाले मोठ्या प्रमाणावर हटवले गेले. १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनापासून १५० मीटरच्या आत, तसेच शाळा, रुग्णालये आणि प्रार्थनास्थळे यांच्यापासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसू देऊ नये असे सांगितले.

म्हणजे दोन हक्क समोरासमोर उभे आहेत. एक चालणाऱ्याचा, दुसरा पोट भरणाऱ्याचा. यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न न्यायालयापुढे पूर्वीपासून आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय रस्त्यावर माल विकता येत नव्हता. आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून नवे परवाने देणे जवळजवळ थांबले. शहर वाढत होते, गिऱ्हाईक वाढत होते, आणि परवाने मात्र तेवढेच. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईत फेरीवाल्यांसाठी बसण्याचे आणि न बसण्याचे विभाग आखावेत असे सुचवले. १९८९ साली दिल्लीच्या सोदनसिंग यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले, की रस्त्यावर धंदा करणे हाही घटनेने दिलेल्या धंद्याच्या स्वातंत्र्याचा भाग आहे. मात्र त्यावर वाजवी बंधने घालता येतील, आणि अमुकच जागा मला हवी असे कोणाला म्हणता येणार नाही. पुढे संसदेने २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा केला, आणि तो १ मे २०१४ पासून लागू झाला.

ह्या कायद्यात काय आहे, ते थोडक्यात सांगतो. निदान दर पाच वर्षांनी शहरातल्या फेरीवाल्यांची पाहणी करावी. पाहणीत सापडलेल्या सर्वांना, विभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के ह्या मर्यादेत, सामावून घ्यावे आणि विक्रीचे प्रमाणपत्र द्यावे. चौदा वर्षे पुऱ्या झालेल्यालाच ते मिळते. पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला उठवू नये. प्रमाणपत्रवाल्याला हटवायचे, तर तीस दिवसांची नोटीस द्यावी. माल जप्त केला, तर त्याची यादी करून सहीची प्रत जागच्या जागी द्यावी. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यावा, आणि न नासणारा माल कामकाजाच्या दोन दिवसांत. अर्थात ठरलेली फी भरून. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी, आणि तिच्या सभासदांत निदान ४० टक्के फेरीवाल्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत. त्यांत एक तृतीयांश स्त्रिया.

मघाच्या चाफेवालीची आठवण ठेवून हे पुन्हा पाहा. ‘नाशवंत माल त्याच दिवशी परत’ हे वाक्य लिहिणाऱ्यांना फुलाचे आयुष्य ठाऊक होते, असेच म्हणावे लागते. पण दुपारी बारा वाजता मागणी करून संध्याकाळी सहाला परत मिळालेला चाफा निर्माल्यात टाकण्यापलीकडे कशाला उपयोगी पडणार? तेव्हा तिच्या दृष्टीने जप्तीनंतरच्या हक्कापेक्षा आधीचे प्रमाणपत्र कितीतरी मोलाचे आहे.

आणि इथेच आपल्या गावांची अडचण सुरू होते. मुंबईत २०१४ साली पाहणी झाली आणि सुमारे ९९ हजार अर्ज आले. समितीवर फेरीवाल्यांचे प्रतिनिधी निवडण्यासाठी मतदान झाले ते दहा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये. आणि त्या वेळच्या मतदारयादीत नावे होती सुमारे ३२ हजार. अर्ज करणाऱ्या तिघांपैकी एकाचेच नाव यादीत आले, असा याचा ढोबळ अर्थ. ज्यांनी अर्जच केला नाही, ते कुठेच नाहीत.

पाहणी कशी होते? कर्मचारी रस्त्यावर येतो आणि बसलेल्यांची नोंद करतो. तो दुपारी तीनला आला, तर वसईची मावशी त्याला दिसेल काय? ती तोवर गाडीत बसून घराकडे निघालेली असते. तिच्या जागेवर त्याला चणेवाला दिसेल, आणि नोंद त्याची होईल. त्यात चणेवाल्याचा काही दोष नाही. तो त्याच्या वेळेला तिथे असतोच. पण मोजणाऱ्याने जागा मोजली आणि वेळ मोजली नाही. वास्तविक एकाच जागेवर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या विक्रेत्यांनी बसावे, अशी वेळेची वाटणी करण्याची सोय कायद्याखालच्या योजनेत ठेवता येते. तिचा उपयोग केला, तर सकाळी पाच ते दहा फुले आणि भाजी, आणि संध्याकाळी खाद्यपदार्थ, असे त्याच चार हात जागेत दोघांचे पोट भरेल. कार्यालयाच्या गर्दीच्या वेळी ती जागा चालणाऱ्यांना मोकळीही ठेवता येईल. चालणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा जो तंटा आपण मघाशी पाहिला, त्यातला पुष्कळसा भाग वेळेच्या वाटणीने मिटण्यासारखा आहे, असे माझे मत आहे.

आणखी एक गाठ आहे. प्रमाणपत्र घेताना ‘मला उपजीविकेचे दुसरे साधन नाही’ अशी हमी द्यावी लागते. शहरात राहणाऱ्या फेरीवाल्याला हे सोपे. पण जिच्या घराची दहा-वीस गुंठ्यांची वाडी आहे, तिने काय लिहावे? वाडी हे दुसरे साधन धरावे काय? मला वाटते, धरू नये. वाडीत पिकवणे आणि टोपलीत विकणे ही एकाच उपजीविकेची दोन टोके आहेत. विकले नाही, तर पिकवून काय करणार? पण हे आपण समितीपुढे मांडले पाहिजे. न मांडता कोणी समजून घेईल, अशी आशा करू नये.

दोन सूचना सावधगिरीच्या. पहिली अशी, की हा कायदा रेल्वेच्या जमिनीला, इमारतींना आणि गाड्यांना लागू नाही. फलाटावर, पुलावर किंवा डब्यात विक्री करणे हा रेल्वेच्या कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला दंड होतो आणि कैदही होऊ शकते. सामानाच्या डब्यातून माल नेणे वेगळे आणि त्याच डब्यात तो विकणे वेगळे. दुसरी अशी, की प्रमाणपत्र दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. स्वतः बसावे, नाहीतर घरच्या माणसाने बसावे.

आणि एक सूचना फायद्याची. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान स्वनिधी ही योजना सुरू केली. तीत फेरीवाल्याला तारणावाचून बँकेचे कर्ज मिळते. आरंभी पहिले कर्ज १० हजारांपर्यंत होते, ते २०२५ साली १५ हजारांपर्यंत वाढवण्यात आले. ते वेळेवर फेडले, की दुसरे आणि तिसरे मोठे कर्ज मिळते, आणि व्याजात शेकडा सात सूट मिळते. मघाच्या उदाहरणातल्या बाईला ९०० रुपयांसाठी रोज १०० रुपये द्यावे लागत होते, त्याच्याशी हे ताडून पाहा. शहराच्या आसपासच्या खेड्यांतून येऊन शहरात विकणाऱ्यांनाही, महापालिकेचे किंवा समितीचे शिफारसपत्र असल्यास, हे कर्ज मिळू शकते, असे त्या योजनेतच म्हटले आहे. वसईच्या टोपलीला ह्याहून स्पष्ट आमंत्रण कोणते हवे?

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. आपल्या वर्गातल्या मुलांपैकी कितीजणांची आई, आजी किंवा मावशी मुंबईला माल घेऊन जाते, याची एकदा यादी करावी. ती कोणत्या स्टेशनला उतरते, कोणत्या गल्लीत किती ते किती बसते आणि किती वर्षे बसते, हे मुलांनी घरी विचारून वहीत लिहावे. जुनी दंडाची पावती, जप्तीचा कागद, सामानाचा पास, जे काही असेल ते सांभाळून ठेवायला सांगावे. एरवी नकोसा वाटणारा दंडाचा कागदसुद्धा ‘ही बाई त्या दिवशी तिथे विकत होती’ ह्या गोष्टीचा पुरावा असतो. आणि पाहणी जाहीर झाली, की त्या दिवशी टोपली रिकामी झाली तरी जागेवरून उठू नये, कर्मचारी येईपर्यंत बसून राहावे, हे घरोघर पोहोचवावे. हीच गोष्ट वसई-विरारच्या बाजारात बसणाऱ्यांनाही लागू आहे, कारण हा कायदा आपल्याही शहराचा आहे.

मुंबई पाहायला येणारे येतच राहतील, आणि रस्त्यावर खरेदी करतच राहतील. त्या रस्त्यावर आपल्या गावची जी बाई सकाळचे चार तास बसते, तिचे नाव कागदावर यावे, यासाठी लागणारी अर्धी माहिती मुंबईच्या कार्यालयात नाही. ती आपल्या घराच्या ओटीवर आहे. ती लिहून काढायला एक वही पुरे.